कोंबड्यांची चाळ

दहा गावरान कोंबड्यांना राहायला किती जागा लागते, हे मला कोणीही विचारले नव्हते. तरीही प्रत्येकीला निवाऱ्यात 2 चौरस फूट, रात्री बसायला दांडीवर 8 इंच आणि अंडी घालायला पाच जणींत एक पेटी, असा हिशेब वहीत मांडून मी परसात 5 बाय 4 फुटांचे खुराडे वेल्डरकडून करवून घेतले आणि तळाशी भाताचे तूस पसरले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या अण्णांनी वही मागितली.

"अरे, कोंबडीला दोन फूट? वरळीच्या बीडीडी चाळीत 160 फुटांच्या खोलीत आम्ही अकरा माणसे होतो. भाग जरा."

मी भागले. साडेचौदा आले.

"त्यातून कपाट, चूल आणि गणपतीचे दिवस वजा कर."

इथे गप्प बसायचे सोडून, पुढे शेळी पाळली तर तिला छपराखाली 10 आणि मोकळ्यावर 20 चौरस फूट द्यावे लागतील, असे मी बोलून गेलो. अण्णा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. "म्हणजे शेळीच्या पोटी जन्मलो असतो, तर दुप्पट जागा मिळाली असती," एवढेच ते म्हणाले. गावी परतताना त्यांनी ती खोली धाकट्या भावाच्या नावावर केली होती, आणि पुनर्विकासात त्याला आता 500 फुटांचे घर मिळाले आहे. हा विषय अण्णांपुढे काढू नये, हे वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, मीच विसरलो.

माझी खरी फजिती मात्र कोंबड्यांनी केली. तिन्हीसांजेला त्या दहाही जणी दोन दांड्यांपैकी एकीवरच एकमेकींना चिकटून बसतात, दुसरी दांडी रिकामी. दोन पेट्यांपैकी एकीतच अंडी घालतात आणि दुसरीकडे ढुंकूनही न पाहता तिच्यापुढे रांग लावतात. अण्णा रोज बॅटरी घेऊन हा देखावा पाहायला येतात, आणि परवापासून पाहुण्यांनाही आणू लागले आहेत. नऊ हजार रुपये माझे गेले आणि करमणूक वाडीची होते आहे, याची कोणालाही खंत नाही.

आज सकाळी खुराड्याच्या दारावर त्यांच्या जुन्या खोलीचा क्रमांक लिहिलेला आढळला. पुसायला ओले फडके घेऊन गेलो, तर तो ऑइलपेंट निघाला.