रमाबाईंची मधली आठ वर्षं

नमस्कार ताई,

पंडिता रमाबाईंवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, हे कबूल करते. तुम्ही समुपदेशक आहात आणि तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा अशी पाच माणसं गमावलेली पंचविशीतली विधवा परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला असताना धर्म बदलते, तर त्याला ‘स्वतःची ओळख सापडणं’ म्हणू नये, असहायता म्हणावं, बुडत्याला काडीचा आधार. आणि दुसरं, आघातावर उपचार लागतात, प्रार्थना नव्हे.

दुसऱ्या मुद्द्यावर भांडण नाहीच. माझे पती गेले तेव्हा घरी भेटायला आलेले लोक ‘प्रभूची इच्छा’ म्हणायचे आणि मला उठून दार लावून घ्यावंसं वाटायचं. मी वर्षभर समुपदेशनाला जात होते, रविवारी चर्चमध्येही जात होते. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र बोलायला हवं, कारण तारखा तुमच्या बाजूने नाहीत.

रमाबाईंचा आधीच्या श्रद्धेवरचा विश्वास उडाला तो इंग्लंडात नव्हे, दुष्काळात आणि त्यानंतरच्या वाचनात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आयुष्यभर तीर्थं केली, पुराणं सांगितली, असेल ते दान केलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ते उपासमारीने गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई एका बाईच्या दारात गेल्या, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, नुसत्या रडत उभ्या राहिल्या. भाकरी मिळाली, पण आईच्याने ती खाववली नाही. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे भावाबरोबर हजारो मैलांची पायपीट. १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडितांनी परीक्षा घेऊन ‘सरस्वती’ पदवी दिली. तिथेच ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायला सुचवलं. धर्मशास्त्रं तर त्या वाचतच होत्या. बाकी शेकडो गोष्टींवर एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ बाई आणि शूद्र यांच्याबद्दल मात्र एका सुरात बोलतात, हे त्यांना तेव्हा दिसलं. श्रद्धा गेली ती वाचून, तर्काने.

आता तुमच्या ‘विधवा’ या शब्दाकडे येते. भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. सिल्चरच्या घरात त्यांना बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनावरचं एक पुस्तक, सापडलं. त्या एका मिशनऱ्याकडून शिकू लागल्या आणि पटलं तर ख्रिस्ती होईन, असं नवऱ्याला सांगून मोकळ्या झाल्या. नवरा मिशनच्या शाळेत शिकलेला, तरी चिडला. मिशनऱ्याचं घरी येणं बंद करायला निघाला. म्हणजे ही ओढ लागली तेव्हा घर होतं, नवरा होता, मूल झालं होतं. तो पटकीने गेला फेब्रुवारी १८८२ मध्ये. बाप्तिस्मा इंग्लंडातला, २९ सप्टेंबर १८८३ चा. मधल्या काळात या ‘असहाय’ बाईने पुण्यात आर्य महिला समाज काढला, स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली.

आणि बाप्तिस्म्यानंतर? इंग्लंडात वाँटेजला ज्यांच्या आश्रयाला त्या होत्या, त्या ख्रिस्ती जोगिणींशी (नन्सशी) आणि बड्या धर्मगुरूंशी त्या पत्रांतून वर्षानुवर्षं भांडल्या. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे पटत नाही, म्हणाल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन का, संस्कृत का नको, म्हणाल्या. मांसाहार शेवटपर्यंत केला नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, हा त्या पत्रांचा सूर. काडीला धरलेला माणूस काडीशी असा वाद घालत नाही हो!

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पुष्कळ वर्षांनी आपली साक्ष, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेची कहाणी, लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं माझ्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. या आठ वर्षांत त्या अमेरिकेला जाऊन आल्या, १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तक आलं, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. काम आधी, मनाची शांती नंतर. आमच्याकडे चर्चच्या मंडळीत साक्ष देण्याचा साचा ठरलेला असतो: आधी अंधार, मग एक दिवस, मग उजेड. मीही लेखात तोच साचा वापरला आणि ‘येशूने तिच्या सगळ्या जखमा भरून काढल्या’ असं लिहून बसले. तुमचा राग त्या वाक्यावर असेल तर तो योग्य आहे. जखम भरलेल्या बाईने १८९७ मध्ये बैलगाड्या आणि आगगाडीने मध्य प्रांतातल्या दुष्काळात जाऊन शेकडो मुली केडगावला आणल्या नसत्या. तिथे पोचल्यावर स्वतःची ती उपासमार पुन्हा आठवली, असं त्या लिहितात. केडगावच्या त्यांच्या आश्रमात, मुक्ती सदनात, मुली विणायला, तेल काढायला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंची ओळख मला इथे दिसते. दारात भाकरी मागताना जिचा आवाज फुटला नव्हता, ती आता भाकरी देणाऱ्या दारात उभी होती.

लेखात मी एक गोष्ट गाळली, ती तुम्ही पकडली नाहीत, मीच सांगते. रमाबाईंबरोबर इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी १८८३ मध्येच वाँटेजला आत्महत्या केली. त्याच घरात, त्याच देवाच्या छायेखाली. त्यांचं नाव न घेता रमाबाईंच्या बाप्तिस्म्याबद्दल लिहिणं सोयीचं होतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, ‘त्या दुष्काळातल्या मुलींना निवड होती का?’, याला मी बगल देणार नाही. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं सांगितलं होतं. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं उत्तर होतं की प्रार्थना करताना मी खोलीचं दार बंद करणार नाही. ते मला पटतं. पण पुढे मुक्तीत जी भुकेली पोर आली, जिला जेवण, कपडा आणि प्रार्थना एकाच हाताने मिळाली, तिच्या बाप्तिस्म्याला ‘स्वतंत्र निवड’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रमाबाईंना वाद घालायला संस्कृत होतं, इंग्रजी होतं, नाव होतं. त्या पोरीकडे यातलं काय होतं?

जखमांचं ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. आनंदीबाईंवरचा परिच्छेद आज रात्री घालते.