'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' यांस,

वस्तीच्या जागेवरच घरं बांधायच्या आमच्या ट्रस्टच्या कामासाठी प्रोजेक्ट मॅनेजर निवडताना बिल्डरकडचा अनुभव दुय्यम मानू, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : "कळकळीने काँक्रीट सेट होत नाही, काका." शिवाय पगाराचा आकडा का नाही आणि काम थांबवायचा अधिकार मॅनेजरला की विश्वस्तांना, हे दोन प्रश्न.

आधी ते 'काका'. टोपणनावाआडून नाती जोडू नयेत. असो.

काँक्रीटचं मला सांगू नका. मिश्र सिमेंटच्या स्लॅबला किमान 10 दिवस पाणी मारावं लागतं, हे कुठलाही मुकादम सांगेल. त्यावर नजर ठेवायला साइट इंजिनिअर असतो, त्याच्यावर आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणारा इंजिनिअर असतो. पण स्लॅब लांबला आणि भाड्याच्या खोलीत गेलेली बाई "पुढच्या महिन्याचं भाडं कोण देणार?" म्हणून दारात उभी राहिली, तर तिच्यासमोर कोण जाणार? येरवड्यात शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या बीएसयूपी योजनेत जागेवरच घरं झाली, साधारण 270 चौरस फुटांची, आणि खर्चाचा 10 टक्के हिस्सा कुटुंबांनी भरला. तिथे महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेच्या बायका आणि आर्किटेक्ट लोकांशी बोलत बसले, तेव्हा ते जमलं. टॉवर उठवलेल्या माणसाला अशा बैठका म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. असे दोघे मुलाखतीत भेटले, म्हणून सांगतोय.

आणि मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या पूरग्रस्त वसाहतीत मी वाढलो. आमचं छप्परही अनुभवी माणसांनीच घातलं असणार; मोरी कुठे हवी, हे मात्र आईला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही कुठे वाढलात, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पगाराचा आकडा द्यायला हवा होता, मान्य. पुढच्या जाहिरातीत देऊ. पण "एनजीओवाल्यांना निम्म्या पगारात देवमाणूस हवा असतो" हे वाक्य लिहायची काहीच गरज नव्हती.

राहिला काम थांबवायचा अधिकार. ते विश्वस्त मंडळ बघेल. पैशांवर तर वेगळा अंकुश आहेच : विक्रीच्या सदनिकांचे 70 टक्के पैसे महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाच्या, नियमाने वेगळ्या खात्यात राहतात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीएच्या दाखल्याशिवाय निघत नाहीत. एवढं पुरे.

अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतोय. तुम्हीही करा, फक्त खऱ्या नावाने.