माझा प्रोसेसर भंगार नाही

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. साधी एक केबल घ्यायला दुकानात गेलो होतो. बोलता बोलता विक्रेत्याने विचारलं, घरी सराउंडला कुठला प्रोसेसर आहे? प्रोसेसर म्हणजे सिनेमाचा आवाज खोलीभरच्या स्पीकरांना वाटून देणारं खोकं. मॉडेल सांगितलं, तर म्हणतो, "साहेब, त्यात ॲटमॉस नाही, ८के नाही. भंगार झालं ते, बदलून टाका." ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनही आवाज ऐकवणारी पद्धत, ८के म्हणजे ४केपेक्षाही बारीक चित्र.

खोली केवढी, स्पीकर कुठे ठेवलेत, तुम्ही बघता काय, एक प्रश्न नाही. सरळ भंगार!

आमच्याकडे आई सिनेमा बघताना सारखी विचारायची, "काय म्हणाला रे तो?" मारामारी आली की आवाज कमी करा, संवाद आले की वाढवा, रिमोट काही हातातून सुटायचा नाही. तेव्हाही एका जाणकाराने हाच सल्ला दिला होता. मी प्रोसेसर बदलला नाही. मधला स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात पार आत होता, तोंड आमच्या गुडघ्यांकडे. तो फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढून रबराचे तुकडे लावून कानांच्या दिशेने जरा उचलला. कॅलिब्रेशनचा माइक, म्हणजे खोलीतला आवाज मोजून प्रोसेसरला स्पीकर जुळवून घ्यायला मदत करणारा, स्टँडवर, बरोबर कानाच्या उंचीला लावून पुन्हा मोजणी घेतली आणि मधल्या स्पीकरची पातळी २ डेसिबलने वाढवली. बस्स. त्या रात्री आईने सिनेमा संपेपर्यंत एकदाही विचारलं नाही.

सिनेमातले बहुतेक संवाद त्या एका मधल्या स्पीकरमधून येतात. तो कपाटात कोंडलेला असेल तर वरचं खोकं कितीही नवं आणा, फरक काय पडणार?

आता ॲटमॉस. थिएटरात २०१२ साली आलं, घरात २०१४ मध्ये. पाऊस खरंच डोक्यावर पडल्यासारखा वाटतो, मी ऐकलंय, सुंदर आहे. पण त्यासाठी छतात स्पीकर लागतात, नाहीतर छतावर आवाज आपटवून खाली आणणारे तरी. तेच बसवायचे नसतील तर प्रोसेसरवरच्या नुसत्या लोगोने काय साधणार? आणि जुना प्रोसेसर काही मुका होत नाही. ब्लू-रेवरचा ॲटमॉस ट्रॅक सहसा डॉल्बी ट्रूएचडीमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवायचा प्रकार) असतो आणि ट्रूएचडी समजणारा जुना प्रोसेसर तो ७.१ मध्ये, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर (खोल बासचा स्पीकर) अशा मांडणीत, व्यवस्थित वाजवतो. वरचे आवाज गळत नाहीत, त्याच ७.१ मध्ये मिसळून येतात. हे कोणी सांगतं का गिऱ्हाइकाला?

८केचं तर मला कळतच नाही. चित्र टीव्हीला हवंय, प्रोसेसरला नाही! दोन एचडीएमआय आउटपुट असलेले प्लेअर मिळतात. एक वायर टीव्हीला, दुसरी प्रोसेसरला, विषय संपला.

हो, ४केमध्ये १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० चित्रं) गेम खेळणाऱ्याला एचडीएमआय २.१, म्हणजे त्या जोडणीची नवी आवृत्ती, लागतं. टीव्हीकडून ट्रूएचडीसारखा आवाज जसाच्या तसा परत आणायचा तर ईएआरसी (एचडीएमआय वायरीनेच टीव्हीचा आवाज प्रोसेसरकडे पाठवायची सोय) लागतं. ज्याला लागतं त्याने जरूर घ्यावं. पण आईच्या "काय म्हणाला?"वर त्यातलं काहीच औषध नव्हतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पोराला टार्गेट असेल, वरून कोणी हेच बोलायला शिकवलं असेल. त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते चालत्या वस्तूला भंगार ठरवण्याशी. तुम्ही सगळे वस्तू जपणारी माणसं, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. चांगला स्पीकर वीस वर्षं सहज साथ देतो, आणि आपण पैसे ओततो कशात, तर सगळ्यात लवकर जुन्या ठरणाऱ्या खोक्यात!

माझं ठरलंय. प्रोसेसर बंद पडेपर्यंत बदलणार नाही. पैसे साठले की दुसरा सबवूफर घेणार, कारण आमच्याकडे सोफ्याच्या एका टोकाला बास घुमतो आणि आई बसते त्या टोकाला तो जवळजवळ नसतोच. दोन सबवूफर नीट जागी ठेवले की हा फरक बराच कमी होतो. कोणी आयताकृती खोलीत दोन लावले असतील तर कुठे ठेवले ते सांगा. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून बघायचा विचार आहे.