फ्लिंटचे पाणी आणि ‘यात वर्ण कुठून आणता?’ हा प्रश्न

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराच्या दूषित पाण्याचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक ठरावीक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. तो असा: नदीचे पाणी घेण्याचा निर्णय शहराच्याच निवडून आलेल्या नगरसेवकांनी पैसे वाचवण्यासाठी घेतला, डेट्रॉइटने पाणी तोडल्यामुळे दुसरा इलाजही नव्हता, शुद्धीकरणात तांत्रिक चूक झाली आणि ती कळताच सुधारली गेली, शिवाय ते पाणी गोऱ्यांनीही प्यायले, मग यात वर्णभेद आणि वर्गभेद कुठून आणता?

आधी घटनाक्रम पाहू. सुमारे अर्धशतक फ्लिंटला डेट्रॉइटमार्फत ह्युरॉन सरोवराचे पाणी मिळत होते. 25 एप्रिल 2014 रोजी ते बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सुरू करण्यात आले, पण नळ आतून झिजू नयेत म्हणून पाण्यात मिसळावे लागणारे गंजरोधक रसायन त्यात घातलेच नाही. परिणामी जुन्या वाहिन्यांतले शिसे सुमारे एक लाख लोकांच्या नळांतून वाहू लागले. त्या लोकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते आणि सुमारे 40 टक्के दारिद्र्यरेषेखालचे.

नगरसेवकांचा मुद्दा सर्वाधिक पसरला आहे आणि तोच सर्वांत पोकळ आहे. मार्च 2013 मध्ये नगरसभेने 7 विरुद्ध 1 मतांनी जो ठराव केला, तो ह्युरॉन सरोवरापासून नवी वाहिनी टाकणाऱ्या कॅरेग्नॉन्डी जलप्राधिकरणात सामील होण्याचा होता. वाहिनी पूर्ण होईपर्यंत नदीचे पाणी प्यावे, असे त्यात कुठेही नव्हते. त्यातही त्या वेळी शहराचा कारभार नगरसभेच्या हातात नव्हताच, तो आर्थिक संकटातल्या शहरासाठी राज्यपालांनी नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाच्या हातात होता. मार्च 2022 पासून काही वर्षे मुंबई महापालिका नगरसेवकांविना प्रशासकाने चालवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही व्यवस्था फार समजावून सांगावी लागणार नाही. मिशिगनचा व्यवस्थापक मात्र याहूनही बलवान होता, कारण निवडून आलेली सभा आणि महापौर पदावर असतानाच त्यांचे अधिकार त्याच्याकडे जात आणि शहराचे करार मोडण्याची मुभाही त्याला कायद्याने होती. या कायद्याचा आधीचा अवतार राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर 2012 च्या सार्वमतात फेटाळला होता. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने नवा कायदा केला आणि निधीची तरतूद असलेला कायदा तिथे सार्वमताला टाकता येत नाही, म्हणून त्यात तशी तरतूद घालून तो पुन्हा सार्वमतापुढे जाणार नाही याची सोय करून ठेवली. मार्च 2015 मध्ये, पाण्याबद्दल वर्षभर तक्रारी झाल्यावर, नगरसभेने पुन्हा 7 विरुद्ध 1 मतांनी डेट्रॉइटचे पाणी परत घेण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा तत्कालीन व्यवस्थापकाने तो अनाकलनीय ठरवून बाजूला सारला. ज्या सभेच्या ठरावाला एवढीच किंमत होती, तिच्यावर निर्णयाचे खापर फोडणे हा निव्वळ कांगावा आहे.

डेट्रॉइटने करार संपवण्याची नोटीस दिली होती, हे खरे. परंतु तिची मुदत संपण्यापूर्वी पाणी पुढे चालू ठेवण्याचा पर्यायही दिला होता आणि मार्च 2014 मध्ये व्यवस्थापकाने पत्र लिहून तो नाकारला. इथे एक तुलना करून पाहावी, कारण माझ्या मते सगळा वाद तिच्यापाशीच येऊन थांबतो. फ्लिंट ज्या जेनेसी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे, ती काउंटीही त्याच नव्या वाहिनीची भागीदार होती आणि तिलाही तेवढीच वाट पाहायची होती. तिची बहुतांशी गोरी उपनगरे मात्र त्या संपूर्ण काळात डेट्रॉइटचेच पाणी पीत राहिली. ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यात नदीच्या पाण्याने सुटे भाग गंजू लागले, तेव्हा कंपनीला शेजारच्या फ्लिंट टाउनशिपचे, म्हणजे डेट्रॉइटवरूनच येणारे, पाणी जोडून मिळाले. कारखान्याच्या लोखंडाला जे पाणी चालत नव्हते, ते शहरातली मुले त्यानंतरही वर्षभर पीत होती.

गोऱ्यांनीही तेच पाणी प्यायले, हे निर्विवाद आहे. शहरात राहिलेल्या गोऱ्यांपैकीही अनेक जण गरीबच होते आणि वर्गभेदाचा फटका त्यांना पुरेपूर बसला. पण शहराच्या हद्दीच्या आत कोण उरले आणि बाहेर कोण जाऊ शकले, हे घरविक्रीच्या करारांतील वर्णबंदीच्या अटींनी आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना घरकर्ज नाकारण्यासाठी आखलेल्या नकाशांनी कित्येक दशके आधीच ठरवून ठेवले होते. गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, मोटार कारखाने बंद पडत गेले, 1960 च्या सुमारास जवळपास दोन लाख असलेली लोकसंख्या निम्म्यावर आली, आणि मग तिजोरी रिकामी म्हणून व्यवस्थापक आला. नदीचे पाणी सुरू झाले तेव्हाचा व्यवस्थापक स्वतः कृष्णवर्णीय होता, असे काही जण विजयी सुरात सांगतात. मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने फेब्रुवारी 2017 च्या अहवालात या प्रकरणामागे व्यवस्थेतला वर्णभेद असल्याचे म्हटले, ते कोणा एका अधिकाऱ्याच्या मनातला द्वेष सिद्ध करून नव्हे, तर हाच इतिहास तपासून. विशिष्ट नागरी हक्क कायद्याचा भंग झाल्याचे आयोगाने म्हटले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

उरला ‘चूक कळताच सुधारली’ हा दावा. जानेवारी 2015 मध्ये फ्लिंटमधल्या राज्य सरकारी कार्यालयात कर्मचाऱ्यांसाठी बाहेरून पिण्याचे पाणी आणून ठेवले जाऊ लागले, आणि जुलैमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याचा प्रवक्ता नागरिकांना निश्चिंत राहायला सांगत होता. सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतीशा यांनी लहान मुलांच्या रक्तातील शिशाची आकडेवारी जाहीर केल्यावर सरकारी यंत्रणेने आधी त्यांनाच खोडून काढण्याचा प्रयत्न केला. डेट्रॉइटचे पाणी 16 ऑक्टोबर 2015 रोजी परत आले, परंतु तोवर वाहिन्या खराब झालेल्या होत्या. त्या बदलण्याचे काम 2017 च्या न्यायालयीन समझोत्यानुसार 2020 च्या आरंभापर्यंत संपायचे होते. ते रखडले म्हणून मार्च 2024 मध्ये न्यायालयाने शहर प्रशासनाला अवमानाबद्दल दोषी धरले.