दहा टक्क्यांचा कोटा

पीएच.डी.ला नाव घातलंय? मग विषय-बिषय नंतर बघा. आधी विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची वाङ्मयचौर्यविषयक नियमावली पाठ करा. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, असं त्यात लिहिलंय. भोळी माणसं याला सवलत म्हणतात. तुम्ही रेशनचा कोटा समजा आणि पुरता उचला. योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दही माफ आहेत. तेव्हा तेराव्या शब्दानंतर एक 'तथापि' खुपसा. मराठी प्रबंधात 'तथापि' कुठेही खपतं.

त्यातून तुम्ही गोव्यात जन्मलात, म्हणजे नशीबच काढलंत. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. कल्पना कुणाची, हे त्याला कळत नाही आणि विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, एखादं जुनं पोर्तुगीज पुस्तक काढा आणि चार पानं मराठीत उतरवा. अहवाल बहुधा धुतल्या तांदळासारखा येईल. पोर्तुगीज येत नसेल तर रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी आहे, शेजारचे अंकल हौसेने वाचून दाखवतील. (आभारात त्यांचं नाव घाला. आभार तपासणीतून वगळलेले असतात, तिथे कितीही उदार व्हा.) मराठीतूनच घ्यायचं असेल तर युनिकोडच्या आधीच्या, जुन्या फॉन्टमधल्या फाइली गाठा. त्यातला मजकूर यंत्राला नुसता कडबोळं दिसतो.

प्रबंध स्वतःचाच आहे असं हमीपत्र द्यावं लागतं. ते सीनियरकडून घ्या, नाव तेवढं बदला.

पण खरा सल्ला वेगळाच आहे. शिक्षांचा तक्ता नीट वाचा. प्रबंधात 60 टक्क्यांच्या वर साम्य सापडलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. तेवढंच साम्य प्राध्यापकाच्या लेखात सापडलं तर लेख मागे घ्यायचा, लागोपाठ दोन वेतनवाढी सोडायच्या आणि तीन वर्षं नवे विद्यार्थी घ्यायचे नाहीत. नोकरीला धोका येतो तो पुन्हा सापडल्यावर. शिवाय तक्रार आधी जाते विभागाच्या समितीकडे, आणि तिचे अध्यक्ष विभागप्रमुख, म्हणजे स्टाफरूममध्ये रोज तुमच्याच बशीतला पाव मोडणारे.

तेव्हा घाई करू नका. पदवी मिळेपर्यंत चार वर्षं स्वतःच्या डोक्याने लिहा, थोडा त्रास होईल. एकदा प्राध्यापक म्हणून कायम झालात की मग सावकाश, जबाबदारीने चोरा.