हिंगाचं पाणी आणि सिलिॲक: जरा थांबा
आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरून राहिला की सिलिॲक (गहू, जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला सूज येणारा आजार) असलेल्यांचं पोट फुगलं तर कोमट पाण्यात चिमूटभर हिंग टाकून प्या, लगेच आराम. अर्धवट आहे हे. खडा हिंग म्हणजे झाडाचा चीक, त्यात ग्लूटेन नाही, पण इतवारीतून आपण जी पिवळी डबी आणतो ना, ती बांधणीची हिंग, आणि तिच्यात बहुतेकदा मैदा मिसळलेला असते. आता घरची डबी उलटी करून पाहिली, बारीक अक्षरात डिंक, गव्हाचं पीठ, मग कुठं हिंग! म्हणजे आराम मिळावा म्हणून गहूच प्यायचा का बाप्पा?

काही डब्यांत तांदळाचं पीठ असते, ती चालते, पण पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिलेलं पाहूनच घ्या (एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्न-सुरक्षा संस्थेची ग्लूटेनची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम). नाहीतर साधं अद्रकाचं पाणी, भाजलेलं जिरं टाकून ताक, मऊ भात. अन् हो, यानं फक्त तेवढ्यापुरतं बरं वाटते, आतड्याची सूज गहू, जव, राय नावाचं धान्य (मोहरी नव्हे) कायमचं बंद केल्यावरच हळूहळू उतरते, महिने लागतात. पथ्य पाळूनही त्रास होत असला तर डॉक्टरला दाखवा, मेसेज फॉरवर्ड करत बसू नका.