‘हे तर पलटेच!’ : अर्पेजिओवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. युकुलेलेवर (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) जॅझचे अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डमधले स्वर एकत्र न छेडता एकामागोमाग एक, कसे वाजवायचे यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही आक्षेप सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं असं: युकुलेलेची चौथी तार वरच्या जीला लागते, त्यामुळे अर्पेजिओ नीट चढतच नाही, मी आधी लो-जी (एक सप्तक खालच्या जीची) तार लावायला सांगायला हवं होतं. दुसरं, हे शेवटी पलटेच (रियाजात घोकायचे ठरावीक क्रमाचे स्वरसमूह), त्यात जॅझ ते काय? आणि जाता जाता एक टोला, ‘या खेळण्यावर जॅझ ऐकतं कोण?’

टोल्याचं आधी संपवतो. लाइल रिट्झ यांनी १९५०च्या दशकात व्हर्व्ह कंपनीसाठी युकुलेलेवर जॅझच रेकॉर्ड केला. पुढे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये ते बेस वाजवत. ऐका एकदा, मग बोलू.

आता चौथी तार. ४-३-२-१ असं ओळीने छेडलं तर स्वर उड्या मारतात, कबूल. पण ओळीनेच छेडा असं सांगितलंय कुणी? डी मायनर सेव्हन ही कॉर्ड धरा, २२१३ (चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत कितव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीवर, बोट ठेवायचं ते हे आकडे; ० म्हणजे मोकळी तार). तिसरी, दुसरी, चौथी, पहिली अशा क्रमाने वाजवा. डी, एफ, ए, सी. सरळ चढला की नाही? तोच उजवा हात जी सेव्हनवर (०२१२) न्या: डी, एफ, जी, बी. सी मेजर सेव्हनवर (०००२): सी, ई, जी, बी. तिन्ही कॉर्ड चढत्या क्रमात. लो-जी लावलीत तर खाली पाच अर्धस्वर जादा मिळतात, बेसची चाल वाजवायला ते छानच. पण याच आकारांमधला चौथ्या तारेचा स्वर एक सप्तक खाली जातो आणि हा क्रम मोडतो.

पलट्यांचा मुद्दा मात्र मला आवडला, कारण घोटाळा नेमका तिथेच होतो. सीला सा माना. मग पहिली कॉर्ड रे म ध सा, दुसरी प नी रे म, तिसरी सा ग प नी. पलटा घोकताना मागे तानपुरा एकच सा धरून असतो, म्हणून म हा मच राहतो. इथे पायाच दर मात्रागटाला सरकतो. तोच म पहिल्या कॉर्डमध्ये तिसरा स्वर, दुसरीत सातवा, आणि सातवा झाला की त्याला खाली ग वर उतरायची ओढ लागते. बोटांकडे बघा: दुसऱ्या तारेवरचं पहिल्या फ्रेटचं बोट फक्त उचललं की एफचा ई होतो. त्याआधी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा सी दुसऱ्या फ्रेटवर बी होऊन बसलेला असतो, आणि तिसऱ्या कॉर्डमध्येही तो जागचा हलत नाही. हे दोन स्वर कानाला कळेपर्यंत मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवरच ठेवा. नुसतं वर-खाली दामटलंत तर ते पलटेच होतील, तुमचंच खरं ठरेल.

एके ठिकाणी चौथ्या तारेबद्दलची तुमची तक्रार लागू पडते. हेच एफला सा मानून करा: जी मायनर सेव्हन ०२११, सी सेव्हन ०००१, एफ मेजर सेव्हन २४१३. ३-२-४-१ चा क्रम इथेही चढतो, पण सी सेव्हनचा बी फ्लॅट असतो पहिल्या तारेवर आणि तो ज्या ए वर उतरतो तो येतो चौथ्या तारेवर. बोटांना ती उतरण दिसत नाही, कानानेच धरावी लागते. ५५०० हा आकार घेतला तर ए पहिल्याच तारेवर मिळतो, पण मग चढता क्रम गेला. मी २४१३ घेतो. तुम्ही दोन्ही वाजवून बघा, आणि ५५०० बरा वाटला तर का, तेही लिहा.